मऊ म्हणजे नक्की काय? पीट आउडॉल्फच्या शरदातल्या बागेकडे संशोधकाच्या नजरेनं

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलं की पहिल्या पानावर हमखास एक विशेषण येऊन बसतं. 'समृद्ध परंपरा', 'शाश्वत विकास', 'सुंदर परिसर'. गाईड त्याला लाल पेनानं गोल करतात आणि शेजारी लिहितात, 'म्हणजे काय?' आज अशाच एका विशेषणाचा पाठलाग करू. विशेषण साधं आहे, 'मऊ'. किंवा थोडं लांबवून, 'पिसासारखं मऊ'.

माझा विषय शहरांतली लागवड आणि ती लोकांना कशी दिसते हा असल्यामुळे हे विशेषण मला जवळपास रोज भेटतं. शरदातल्या बागेबद्दलचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडा: गवतांचे तुरे, त्यावर पडलेलं तिरपं ऊन, मध्येच वाळलेली फुलं, आणि खाली हा शब्द. या सगळ्या परंपरेतलं आज सर्वांत मोठं नाव म्हणजे डच बागरचनाकार पीट आउडॉल्फ. त्यांनी नोएल किंग्जबरींबरोबर लिहिलेलं 'डिझाइनिंग विथ प्लांट्स' (१९९९) हे पुस्तक, आणि त्यांच्या दोन सार्वजनिक बागा, शिकागोची लुरी गार्डन (२००४) आणि न्यूयॉर्कची हाय लाइन (पहिला टप्पा २००९), यांची आज आपण चिकित्सा करणार आहोत. चिकित्सा म्हणजे टीकाच असं नाही, बरं का. काय टिकतं आणि काय टिकत नाही ते वेगळं करणं, एवढाच अर्थ.

आधी जे मोठं आहे ते मान्य करू

आउडॉल्फ यांचा जन्म १९४४ चा, हार्लेमचा. १९८२ मध्ये ते पत्नी आन्या यांच्यासोबत हुमेलो या गावी गेले आणि तिथं त्यांनी रोपवाटिका सुरू केली. गवतं बागेत आणणारे ते पहिले नव्हेत. जर्मनीत पॉट्सडॅमजवळ कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) हे काम त्यांच्या कितीतरी आधी करत होते. गवतं आणि नेचे यांच्या बागेतल्या प्रवेशावर त्यांचं पुस्तक १९५७ मध्येच आलं. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे लक्षात ठेवा: 'पहिल्यांदाच' हा शब्द लिहायच्या आधी तीस वर्षं मागं जाऊन बघायचं.

मग आउडॉल्फ यांचं वेगळेपण कशात? त्यांनी क्रम बदलला. बागेचा विचार बहुधा रंगापासून सुरू व्हायचा, त्यांनी तो आकारापासून सुरू केला. पुस्तकात फुलांचे गट रंगानुसार नाहीत, रूपानुसार आहेत: उभे सुळके, गोळे आणि गुंड्या, तुरे, छत्र्या, डेझीसारखी फुलं, आणि आरपार दिसणारे पडदे. हे वर्गीकरण दिसायला साधं आहे, पण त्याचा परिणाम मोठा. रंग दोन आठवड्यांत जातो, आकार मात्र झाड वाळलं तरी उरतो. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली वाळकी बाग ही 'संपलेली बाग' न राहता बघण्यासारखी बाग झाली. वर्गीकरण बदललं की डोळ्यांना वेगळं दिसायला लागतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं. तुमच्या प्रपोजलमध्ये 'थिअरॉटिकल फ्रेमवर्क' नावाचं जे प्रकरण असतं ना, त्यानं हेच काम करायचं असतं.

एक विशेषण, चार कारणं

आता चिकित्सेकडे येऊ. 'तुरा' हा गट रूपावर उभा आहे, कारणावर नाही. लांबून मऊ दिसतं, म्हणून तुरा. पण मऊ *का* दिसतं? जवळ जाऊन बघितलं की चार वेगवेगळ्या गोष्टी सापडतात.

पहिलं, केस. मिस्कँथस, पेनिसेटम किंवा पंपास गवताच्या तुऱ्यात प्रत्येक कणसुल्याला बारीक रेशमी केस किंवा राठ तंतू असतात. हजारो केस एकत्र आले की पिसारा. दुसरं, पुंकेसर. फिलिपेन्ड्युला किंवा थॅलिक्ट्रमच्या काही जातींत पाकळ्या नगण्य असतात किंवा नसतातच; जी फुलफुलीत झुंबरं दिसतात ते सगळे पुंकेसर. तिसरं, संख्या. गोल्डनरॉडच्या फांदीवर शेकडो चिमुकली फुलडोकी दाटीनं बसलेली असतात, म्हणून ती फांदी पिसासारखी वाटते. चौथं, विरळपणा. मोलिनिया, पॅनिकम, किंवा लुरी गार्डनमधलं स्पोरोबोलस हेटेरोलेपिस यांच्यात केसांचा पिसारा नाही; दोऱ्यासारख्या बारीक फांद्या आणि त्यांच्या टोकाला ठिपक्याएवढे दाणे. लांबून त्याचं धुकं होतं. या चौथ्या प्रकाराला पुस्तक 'पडदे' म्हणून वेगळं काढतं, हे त्याचं श्रेय. पण पहिले तीन मात्र एकाच 'तुरे' गटात बसू शकतात.

तुम्ही म्हणाल, बागकाम करणाऱ्याला एवढं कशाला हवं? हवं, कारण वेळ. पुंकेसर काही दिवसांत गळतात. फिलिपेन्ड्युलाचा मऊपणा उन्हाळ्यातच संपतो. शरदात तिथं उरतो तो तपकिरी सांगाडा. गवताचे केस मात्र महिनोन्‌महिने टिकतात. गोल्डनरॉडची गंमत तर आणखी वेगळी: आधी तो पिवळा आणि दाट असतो, मग प्रत्येक बीजाला पांढऱ्या तंतूंचा झुपका येतो आणि तीच फांदी दुसऱ्यांदा मऊ होते, वेगळ्याच कारणानं. म्हणजे 'शरदातला मऊपणा' हे बहुतांशी बीज वाहून नेणाऱ्या केसांचं आणि वाळक्या फांद्यांचं काम आहे, फुलाचं नाही. रूपाचं वर्गीकरण तुम्हाला एका क्षणाचं चित्र देतं. पुढच्या महिन्यात त्या चित्राचं काय होईल, हे कारणाचं वर्गीकरण सांगतं.

संशोधनात याला फार किंमत आहे. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्यांचं मोजमाप एकाच रकान्यात टाकलं, की पुढचं सगळं विश्लेषण डळमळतं.

मऊ दिसणं आणि मऊ असणं

आणखी एक गुंता. 'मऊ' हा मुळात स्पर्शाचा शब्द, पण इथं तो डोळ्यांसाठी वापरलाय. पंपास गवताच्या शास्त्रीय नावातलं 'कॉर्टाडेरिया' हे कापणं या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलंय. त्याच्या पात्याची धार हात कापते. मिस्कँथसची पातीही कडेनं खरखरीत. आपल्याकडे डोंगरउतारावर पावसाळा संपता संपता दिसणारी कुसळी आठवा. उन्हात लांबून ती कशी तांबूस मखमलीसारखी हलते! आणि त्यातून चालून आलात की पायजम्यातून कुसळं काढत बसा. त्या कुसळाचा दोरा ओलाव्यानुसार पिळतो-उलगडतो आणि बीज जमिनीत स्क्रूसारखं घुसतं. दिसायला मखमल, कामाला गिरमिट.

तेव्हा 'टेक्स्चर' हा शब्द वापरताना विचारा: दिसणारं की लागणारं? मोजायचं झालं तर साधनं वेगळी आहेत. दिसणाऱ्या पोताचं गणित १९७३ मध्ये हॅरॅलिक आणि सहकाऱ्यांनी मांडलं. छायाचित्रातल्या शेजारच्या ठिपक्यांची उजळी एकमेकांशी कशी जुळते यावरून त्यांनी पोताची १४ वैशिष्ट्यं काढली. पण सावधान! तोच तुरा एक फुटावरून टिपला तर केस दिसतात, दहा फुटांवरून धुकं दिसतं. आकडा बदलतो. अंतर लिहिलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

ऊन कुठलं?

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे या प्रकारच्या पुस्तकांमध्ये फारसं लक्ष जात नाही, तो. पिसारा चमकतो तो मागून ऊन आलं की. बारीक केस प्रकाश पुढच्या दिशेला विखुरतात. सूर्य तुऱ्यामागं आणि तुम्ही पुढं, मग कडा पेटल्यासारख्या दिसतात. ऊन डोक्यावर असेल तर तोच तुरा मळकट वाटतो. बागेचे फोटो बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी काढलेले असतात, ते यासाठीच.

जरा आकडेमोड करू. कागद घ्या. दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर असतो, हे ९० वजा अक्षांश अधिक सूर्याची क्रांती असं काढता येतं. ऑक्टोबरच्या मध्याला क्रांती साधारण उणे ८.५ अंश. हुमेलो ५२ अंश उत्तरेला: म्हणजे *भर दुपारीसुद्धा* सूर्य ३० अंशांच्या आसपास. शिकागो सुमारे ४२ अंशांवर, तिथं ४० च्या आत. आणि पुणे १८.५ अंशांवर: ६३ अंश. हुमेलोत डिसेंबरच्या दुपारी तर सूर्य १५ अंशांच्याही वर जात नाही.

म्हणजे काय, तर हुमेलोत शरदातला बराचसा दिवस 'फोटोची वेळ' असतो. आपल्याकडे ती सकाळी थोडी आणि संध्याकाळी थोडी. मधे ऑक्टोबर हीट. तोच तुरा, तीच लागवड, पण अनुभव वेगळा. पुस्तकातला मऊपणा हा वनस्पतीचा गुण म्हणून मांडला जातो. खरं तर तो केस, प्रकाशाचा कोन, बघणाऱ्याचं अंतर आणि महिना यांच्यातलं नातं आहे. वनस्पती आयात करता येते, अक्षांश नाही.

'ऑटम'चा अनुवाद करतानाही हीच अडचण. पंचांगानं शरद, म्हणजे आश्विन-कार्तिक; पण मनात जी पानगळ येते ती आपल्या शिशिरातली. परदेशी लेखातला 'ऑटम' तुम्ही 'शरद' म्हणून प्रकरणात घातला, की महिना जुळतो आणि भाव हुकतो. तळटीप द्या, काही बिघडत नाही.

हा मऊपणा कोण सांभाळतं?

हाय लाइनची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मॅनहॅटनमधला मालगाड्यांचा उंचावरचा लोहमार्ग. १९८० मध्ये शेवटची गाडी गेली. नंतर त्यावर आपोआप गवत आणि रानफुलं उगवली. छायाचित्रकार जोएल स्टर्नफेल्ड यांनी त्याचे फोटो काढले, ते २००१ मध्ये पुस्तकरूपानं आले आणि त्या रानटी गवतानं लोकांना वेड लावलं. पुढं तिथं उद्यान झालं. पण त्यासाठी ते मूळ गवत काढावंच लागलं. रूळ उचलले, खालची दुरुस्ती केली, आणि मग आउडॉल्फ यांच्या आराखड्यानुसार नवी लागवड झाली. म्हणजे आज तिथं दिसतं ते रानटीपणाचं *चित्र* आहे. उत्तम चित्र आहे, यात वाद नाही. पण दर वर्षी हिवाळ्याच्या शेवटी कर्मचारी आणि स्वयंसेवक मिळून ते सगळं वाळकं रान कापतात, तेव्हा कुठं पुढच्या शरदात ते पुन्हा 'आपोआप उगवल्यासारखं' दिसतं. लुरी गार्डनचंही तसंच: खाली वाहनतळ आहे, त्याच्या छतावर ही प्रेरीची आठवण उभी आहे. आणि ज्या इलिनॉय राज्याला प्रेरीचं राज्य म्हणतात, तिथं मूळ प्रेरी एक टक्काही उरलेली नाही.

फोटोत कात्री दिसत नाही. फोटोत मजुरी दिसत नाही. जोन नासाउअर यांचा १९९५ चा निबंध इथं वाचायलाच हवा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरणाला उपयोगी लागवड बहुधा अस्ताव्यस्त दिसते आणि लोक तिला दुर्लक्ष समजतात, तिच्याभोवती नीट कापलेली कड, कुंपण, पायवाट अशी काळजीची खूण ठेवली की तीच लागवड लोक स्वीकारतात. हाय लाइनवर ती चौकट काँक्रीटच्या फळ्या, बाकं आणि रूळ देतात. तेच गवत चौकटीशिवाय उभं राहिलं असतं, तर कुणीतरी तक्रारच केली असती.

आणि लोकांना खरंच काय आवडतं? हॉयल, हिचमॉ आणि यॉर्गन्सन यांनी २०१७ मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. १४११ लोकांना प्रत्यक्ष लागवडीतून चालायला लावून प्रश्नावली भरून घेतली. फोटो दाखवले नाहीत, ही त्याची ताकद. फुलांचं आच्छादन साधारण २७ टक्क्यांच्या वर गेलं की लागवड लोकांना सर्वांत आकर्षक वाटली. पण मन निवायला बहर नसलेली शांत हिरवी लागवडही मोलाची ठरली. म्हणजे 'आवडणं' आणि 'बरं वाटणं' या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. हा अभ्यास वाळक्या तुऱ्यांबद्दल नाही, त्यामुळे त्यावरून आउडॉल्फ बरोबर की चूक ते ठरवू नका. पण 'लोकांना रंगाशिवायची बाग आवडते' असं सरसकट वाक्य लिहिण्याआधी हात थांबला पाहिजे, एवढं नक्की.

पिसाचं खरं काम

तुरा आपल्यासाठी नसतो. तो बीज वाऱ्यावर सोडण्यासाठी असतो. जेवढा जास्त पिसारा, तेवढा वाऱ्याला जास्त आधार. पंपासमध्ये मादी झाडांचे तुरे जास्त केसाळ म्हणून रोपवाटिकांना तीच प्रिय. आणि जवळपास पराग देणारं झाड असलं की बीज धरणारीही तीच. आज पंपास कॅलिफोर्नियात, न्यूझीलंडमध्ये, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर आक्रमक तण आहे. फाउंटन ग्रास, म्हणजे पेनिसेटम सेटेसियम, हवाईत वणवे वाढवतं. युरोपीय संघानं २०१७ मध्ये त्याला आक्रमक परक्या जातींच्या यादीत टाकलं. सौंदर्य आणि उपद्रव एकाच अवयवातून येतात. असं आहे म्हणून तुरेच नकोत का? तसंही नाही. 'कार्ल फोर्स्टर' याच नावानं प्रसिद्ध असलेलं कॅलामॅग्रोस्टिस जवळजवळ वांझ संकर आहे, ते बीजानं पसरत नाही. म्हणजे निवड शक्य आहे. फक्त ती रूपाच्या तक्त्यावरून होणार नाही. तिथं कारणाचा तक्ता लागतो.

आणि इथं हा विषय आपल्या दाराशी येतो. फाउंटन ग्रास आपल्याकडच्या रोपवाटिकांतही मिळतं. त्याची चुलत बहीण कोण माहितेय? बाजरी. आणखी एक भावंड म्हणजे दीनानाथ गवत, ज्याचे गुलाबी-जांभळे तुरे पावसाळा सरताना दिसतात आणि ज्याला आपण 'चारा' म्हणून सोडून देतो. संस्कृत कवींनी शरदाची खूण मानलेलं काश गवत, कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त आलेलं, नदीकाठी उगवतं तेव्हा ते 'झाडोरा' ठरतं. (आणि हेच काश पनामात आक्रमक तण आहे. म्हणजे 'आपलं ते चांगलं' हाही नियम नाही.) वाळकं गवत म्हणजे ओसाडी, ही नजर आपल्या नोंदींतही आहे: गवताळ आणि झुडपी जमिनीचा मोठा भाग सरकारी वर्गीकरणात 'पडीक' गटात येतो. धनगरांची मेंढरं जिथं चरतात, माळढोक, धाविक आणि लांडगे जिथं जगले, ती माळरानं कागदावर 'काही नसलेली जागा' होतात, आणि मग तिथं काहीही उभारायला हरकत राहत नाही. आउडॉल्फ यांनी एका खंडाला वाळक्या गवताकडे बघायला शिकवलं, हे मोठंच काम. पण आपण त्यांच्याकडून घ्यायचं ते बघणं की रोपांची यादी? यादी घेतली तर काँप्लेक्सच्या दारात फाउंटन ग्रास लागेल आणि मागचं माळरान पडीकच राहील.

मग निकाल काय?

'डिझाइनिंग विथ प्लांट्स' वाचा, जरूर वाचा. रंगाऐवजी रूप हा त्याचा धडा टिकतो. वाळकं तेही बघण्यासारखं, हेही टिकतं. टिकत नाही ते हे गृहीतक, की ऊन, अक्षांश, कात्री आणि बीज बाजूला ठेवून मऊपणाबद्दल बोलता येतं.

आणि तुमच्यासाठी गृहपाठ. प्रपोजलमधलं तुमचं लाडकं विशेषण शोधा आणि त्याला पाच प्रश्न विचारा. हे दिसणारं आहे की अनुभवाचं? कुठल्या अंतरावरून, कुठल्या वेळी? त्यामागं एक कारण आहे की चार? ते टिकवायला कोण राबतं? आणि ते ज्याचं मूळ काम करतं, ते काम काय? पाचही उत्तरं लिहून झाली की विशेषण खोडून टाका. त्या जागी जे वाक्य उरेल, तो बहुधा तुमचा संशोधन-प्रश्न असेल.